अडतीसवरची गाडी

अच्युत पोवारला चंडीगडात अच्युत म्हणून कुणी ओळखत नाही. इंडस्ट्रियल एरिया फेज टूच्या मागच्या गल्लीत जसपालचं गॅरेज कुठे आहे असं विचारलं, की कोपऱ्यावरचा चहावाला उलट विचारतो, "फौजी से मिलना है?" आणि मग रस्ता दाखवतो. गॅरेज जसपालचं, पाटीवर नावही त्याचंच, लाल अक्षरांत. पण गिऱ्हाईक येतं ते फौजीसाठी. जसपालला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माणूस मोकळ्या मनाचा. पाटी माझी आणि कान फौजीचे, असं तोच लोकांना सांगत सुटायचा.

हे कान गडहिंग्लज तालुक्यातले. अठराव्या वर्षी अच्युत फौजेत भरती झाला, तो थेट गाड्या दुरुस्त करणाऱ्या खात्यात. चोवीस वर्षं त्याने जम्मूपासून जैसलमेरपर्यंत ट्रकांच्या पोटाखाली काढली. शेवटची बदली चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत आली आणि तिथेच पेन्शनही झाली. ओजस्विनीची बारावी झाली की गावाला जाऊ, असं त्याने बायकोला, लताला, सांगितलं होतं. ओजस्विनीची बारावी झाली, मग बीएस्सी झाली, मग नोकरी लागली, मग लग्न होऊन ती अंबाल्याला गेली. गावाला जायचं तेवढं राहून गेलं. बलटान्यात दोन खोल्यांचं घर झालं, लता शेजारणींशी फर्डी पंजाबी बोलायला लागली, आणि सोळा वर्षं कशी सरली ते दोघांनाही कळलं नाही.

त्याची काम करायची एक पद्धत होती आणि तिच्यावरून गॅरेजात त्याची भरपूर चेष्टा व्हायची. गाडी आली की तो बॉनेट उघडायचाच नाही. मालकाला म्हणायचा, चालवा. स्वतः शेजारी बसायचा, हात मांडीवर ठेवून, तोंडातून शब्द न काढता. ट्रिब्यून चौकापर्यंत जायचं आणि परत यायचं. फौजेत त्याचे उस्ताद होते, एक गढवाली सुभेदार, त्यांनी त्याला हे लावून दिलं होतं: आधी चालवणाऱ्याकडे बघ, मग गाडीकडे. माणूस गियर कसा टाकतो, क्लचवर पाय ठेवून बसतो का, ब्रेक कधी मारतो, हे सगळं बघितल्याशिवाय अच्युत हत्याराला हात लावायचा नाही. बाकीचे मिस्त्री म्हणायचे, फौजी फुकटात फिरून येतो. म्हणेनात का, गाडी मात्र दुरुस्त व्हायची.

मग स्कॅनर आला. दीड वर्षापूर्वी जसपालने दिल्लीहून भलंमोठं यंत्र आणलं. गाडीला वायर जोडायची, पडद्यावर बिघाडाचा नंबर येतो, नंबरावरून पार्ट बदलायचा. एका गिऱ्हाइकाने हसत हसत म्हटलं, "अब फौजी का क्या काम?" ते अच्युतच्या फार मनाला लागलं. सत्तावन्नाव्या वर्षी, नाकावर चष्मा चढवून, महिनाभर तो त्या यंत्रापुढे शाळकरी पोरासारखा बसला आणि शेवटी गॅरेजात सगळ्यांपेक्षा जास्त शिकला. इथपर्यंत कौतुकच करायला हवं. पण शिकण्याच्या नादात त्याचं शेजारी बसणं सुटलं. पडदा सांगतोय म्हटल्यावर माणसाला कशाला विचारायचं, असं त्यालाही वाटायला लागलं. खरं म्हणजे आपण जुने झालो नाही हे लोकांना दाखवायची त्याला घाई झाली होती, आणि अशा घाईत भल्याभल्यांचा तोल जातो.

स्मिता जोगळेकर त्याच्याकडे येत होत्या त्यालाही आता बारा वर्षं झाली. त्यांचे यजमान हवाई दलात विमानांचे इंजिनियर होते, विंग कमांडर म्हणून निवृत्त झाले आणि सेक्टर सेहेचाळीसमध्ये घर घेऊन इथेच राहिले. सहा वर्षांपूर्वी ते गेले. मुलगा कुणाल मोहालीत आयटी कंपनीत मोठ्या पदावर आहे, एयरोसिटीत राहतो. आईने आपल्याकडे राहायला यावं म्हणून तो मागे लागलेला, आणि आई दाद देत नव्हती. त्याचं कारण घराइतकंच दाराशी उभी असलेली चांदीच्या रंगाची छोटी गाडी हेही होतं. साहेबांनी घेतलेली ती शेवटची गाडी. स्मिताबाई चालवायला शिकल्या होत्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. आता त्या बहात्तरच्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्या शेजारच्या हरबंस कौरना घेऊन फिजिओथेरपीला जायच्या. हरबंसजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, ऑटोचे हिसके त्यांना सोसत नसत. परतताना दोघी अपनी मंडीत थांबून भाजी घ्यायच्या आणि भाजीपेक्षा गप्पाच जास्त करायच्या. आठवड्यातले ते तीन दिवस दोघींचे जीव की प्राण होते.

दिवाळीनंतर गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. चालता चालता अचानक तिची ताकद जायची. इंजिन चालू, गियर बरोबर, पण ॲक्सिलरेटर दाबलेला असून गाडी ढिम्म. दोन-तीन सेकंदांनी पुन्हा काही झालंच नाही अशी पळायला लागायची. पहिल्यांदा डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, म्हणून स्मिताबाईंनी गाडी अच्युतकडे आणली. स्कॅनरने इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडे बोट दाखवलं. अच्युतने ती साफ केली, नोंद पुसली, विमानतळाच्या रस्त्याने वीस किलोमीटर गाडी पळवून आणली. गाडी झकास चालली.

डिसेंबरात स्मिताबाई परत आल्या. "पोवार, परत तेच होतंय. दिवा नाही लागत, पण गाडी बसते."

अच्युतने वायर जोडली. पडदा स्वच्छ. त्याने पुन्हा गाडी पळवली, ब्रेक मारले, झटके दिले. काहीही नाही.

"मॅडम, गाडीत काय नाही बगा. तुमचा पाय उचलला जात असंल."

"मी पाय काढला नव्हता," स्मिताबाई म्हणाल्या. एवढंच म्हणून त्या गाडीत बसून निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी कुणालचा फोन आला. चांगला मुलगा, नम्र, पण आईच्या काळजीने पोखरलेला. मराठी त्याला सगळं कळायचं. बोलायचा मात्र हिंदीत. "फौजी अंकल, सच बताइए. गाडी में कुछ है, या आई से ही नहीं हो रहा?"

त्या वेळी अच्युतच्या पुढ्यात दोन गाड्या उघड्या पडल्या होत्या आणि जसपाल हाका मारत होता. मानेत मोबाईल धरून तो बोलून गेला, "स्कॅनर तो कुछ नहीं दिखाता, साब. उमर का भी होता है. पैर हट जाता है, पता नहीं चलता." फोन ठेवला आणि तो कामाला लागला. आपण काय बोललो हे त्याच्या लक्षातही राहिलं नाही. लक्षात राहिलं ते कुणालच्या.

जानेवारीच्या शेवटी सेक्टर सेहेचाळीसजवळच्या गोल चक्करमध्ये शिरताना गाडी पुन्हा बसली. मागून दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल येत होती, ती धडकली. दूधवाल्याचा गुडघा खरचटला, दूध रस्ताभर झालं, हॉर्नचा गोंधळ उडाला. हरबंसजी शेजारच्या सीटवर वाहेगुरू वाहेगुरू म्हणत बसल्या होत्या. कुणाल मोहालीहून धावत आला, दूधवाल्याची समजूत काढली, आईला घरी नेलं, पाणी दिलं, आणि मग टेबलावरची किल्ली उचलून खिशात टाकली.

"मी पाय काढला नव्हता रे," स्मिताबाई म्हणाल्या.

"ठीक है, आई," कुणाल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दया होती. स्मिताबाईंना रागाचं काही वाटलं नसतं. दयेने मात्र त्या खचल्या.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कुणालने गाडी जसपालच्या गॅरेजात आणून सोडली. डेंट काढा, पॉलिश करा, रविवारी अकरा वाजता पंचकुल्याहून एक जण बघायला येतोय, असं सांगून गेला. जाताना दोन वेळा बजावलं: आई आली तर किल्ली द्यायची नाही.

आणि शुक्रवारी आई आली. ऑटोतून उतरली, साडीचा पदर नीट केला आणि हातात कागदाची गुंडाळी घेऊन सरळ अच्युतपुढे येऊन उभी राहिली.

"पोवार, कुणालला तुम्ही सांगितलंत का, की वयामुळे माझा पाय हटतो?"

अच्युतच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. डिसेंबरातला तो फोन त्याला त्या क्षणी शब्दन् शब्द आठवला, आणि तोंडात मारल्यासारखं झालं.

"मॅडम, स्कॅनरमधी..."

"मी स्कॅनरबद्दल विचारत नाही. साहेब होते तेव्हा गाडी आणली की तुम्ही आधी शेजारी बसायचात. साहेबांना त्याचं केवढं कौतुक होतं! या वेळी तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात?"

अच्युतने नकारार्थी मान हलवली.

"मी रडायला आलेली नाही," स्मिताबाई म्हणाल्या. "चूक माझी असेल तर मी स्वतः किल्ली देईन. हरबंसला घेऊन बसते मी गाडीत, मला काय तिच्या जिवाची पर्वा नाही? पण माझा पाय हलला नव्हता हे मला माहीत आहे. घरात कुणी ऐकत नाही. आता मलाच रात्रंदिवस वाटायला लागलंय, की कदाचित हललाही असेल."

त्यांनी गुंडाळी उघडून बॉनेटवर पसरली. घरातल्या मराठी कॅलेंडरचं जानेवारीचं पान होतं ते. मराठी घरात भिंतीवरच्या कॅलेंडरावर सगळा संसार लिहिलेला असतो, तसा इथेही होता. सहा तारखेला गॅस लावला. आठला दूध नाही. संक्रांतीच्या चौकोनात हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांची नावं, त्यांत दोन कौर आणि एक शर्मा. आणि मधेमधे, बारीक नेटक्या अक्षरात: गाडी बसली, ३८. गाडी बसली, ३९. गाडी बसली, दोनदा, ३८.

"हे आकडे कसले ओ?" अच्युतने विचारलं.

"वेग. साहेबांची शिकवण. काही बिघडलं की घाबरायच्या आधी काट्यांकडे बघायचं आणि घरी आल्यावर लिहून ठेवायचं. मी शहरात चाळिसाच्या वर जात नाही."

अच्युत त्या पानाकडे बघत राहिला. सात नोंदी. अडतीस, एकोणचाळीस, अडतीस, अडतीस, सदतीस, अडतीस, अडतीस. एकही तीस नाही, एकही पन्नास नाही.

पाय घसरणारं म्हातारं माणूस कुठेही घसरेल. ते अडतीस बघून थोडंच घसरणार आहे?

आणि त्याला राजस्थानातला एक ट्रक आठवला. तो ट्रक ताफ्यात असला की आचके द्यायचा आणि वर्कशॉपात आणला की गुणी बाळ व्हायचा. तीन मिस्त्र्यांनी हात टेकले होते. शेवटी उस्तादांनी अच्युतला ताफ्यातच चार तास त्या ड्रायव्हरशेजारी बसवलं होतं. ताफ्यात सगळ्यांना एकाच वेगाने जावं लागतं, तासन् तास पाय एकाच जागी. ॲक्सिलरेटरचा दांडा नेमका त्या एका जागी झिजून खाच पडली होती. वर्कशॉपातले मिस्त्री पाय दाबून ट्रक पळवायचे. त्यांचा पाय त्या खाचेवर क्षणभरही थांबायचा नाही.

बारा वर्षं ही बाई अडतीसने गाडी चालवत होती. आणि बिघाड शोधायला आपण ती ऐंशीने पळवली.

"जसपाल, चाबी दे," अच्युत म्हणाला.

"साब ने मना किया है," जसपाल म्हणाला.

"गाडी हिलेगी नहीं. सिर्फ चाबी घुमानी है."

त्याने आपल्या पेटीच्या तळातून फौजेच्या दिवसांतला काट्याचा मीटर काढला. गॅरेजात आकडे दाखवणारे नवे मीटर होते, पण आकड्याला बदलायला वेळ लागतो. काट्याचं तसं नाही, नुसता धक्का लागला तरी तो थरथरतो. स्मिताबाईंना त्याने ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, स्वतः फरशीवर गुडघे टेकले आणि त्यांच्या पायाजवळ डोकं घालून पेडलच्या वरच्या सेन्सरला मीटरच्या वायरी लावल्या. ह्या सेन्सरचं काम एवढंच, की पाय किती दाबला ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगायचं. आत काजळीसारख्या काळ्या कार्बनच्या दोन पट्ट्या असतात आणि पायाबरोबर त्यांच्यावरून दोन बारीक काटे घासत जातात. दोन्ही पट्ट्यांचं म्हणणं जुळलं नाही, की कॉम्प्युटर घाबरतो आणि इंजिनाची ताकद काढून घेतो.

"मॅडम, मंडीला जाताना दाबता तसा दाबा. अगदी सावकाश."

स्मिताबाईंनी चप्पल पेडलवर टेकवली. मीटरचा काटा हळूहळू चढायला लागला. चढत चढत एका जागी आला आणि टपकन खाली पडून पुन्हा वर आला. डोळ्याची पापणी लवावी इतक्यात.

"थांबा. सोडा. परत."

पुन्हा त्याच जागी काटा पडला. तिसऱ्यांदाही पडला. मग अच्युतने स्वतः हाताने पेडल खाडकन शेवटपर्यंत दाबलं, मिस्त्री दाबतात तसं. काटा सरळ वर गेला, कुठेही अडला नाही.

त्याने मीटरच्या वायरी काढल्या. चपलेचा तळ अंगठ्याखाली झिजतो तशी ती पट्टी एका जागी झिजली होती, स्मिताबाईंच्या पायाच्या नेमक्या मापाने. काटा पडायचा तो एवढ्या थोड्या वेळासाठी, की यंत्र नोंद करीपर्यंत सगळं पुन्हा सुरळीत व्हायचं.

"पोवार?" वरून स्मिताबाईंनी विचारलं. "पाय हलला का माझा?"

"न्हाई मॅडम," अच्युत म्हणाला. त्याला मान वर करून बोलवेना. "पाय न्हाई हलला. माझी जीभ हलली."

स्मिताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. नंतर शांतपणे उतरल्या, कॅलेंडरचं पान गुंडाळलं आणि म्हणाल्या, "हे मला नको सांगू... सांगू नका. कुणालला सांगा." बारा वर्षांत त्या अच्युतला पहिल्यांदाच अरेतुरे करून गेल्या, आणि ते त्याला कुठेतरी बरंही वाटलं.

जसपालने सगळं बघितलं होतं. त्याचा सल्ला व्यवहारी होता. पार्ट उद्या मिळेल, बदलून टाक, कुणालला सांग की छोटा फॉल्ट होता, निघाला. डिसेंबरातलं तुझं बोलणं कशाला उकरून काढतोस? गॅरेजचं नाव जातं.

अच्युतने हे घरी लताला सांगितलं. ती सकाळचा डबा भरत होती. तिने झाकण लावता लावता विचारलं, "आणि पार्ट बदलल्यावर त्या पोराला काय वाटंल?"

"काय म्हंजे?"

"त्याला वाटंल, आईच्या समाधानासाठी मिस्त्र्यानं कायतरी बदललं. मनात त्याच्या तुमचंच बोलणं राहणार की. गाडी विकायची ती विकणारच." तिने डबा त्याच्या हातात ठेवला. "तुमी बोललाय, तुमीच निस्तरा."

अच्युतने पार्ट आणला, पण बसवला नाही. त्याने कुणालला फोन केला: गिऱ्हाईक अकराला येतंय ना, तुम्ही नऊला या. आईंना घेऊन या.

रविवारी सकाळी इंडस्ट्रियल एरियात कावळासुद्धा नसतो. कारखाने बंद, ट्रक रांगेने झोपलेले, रस्ते लांबच लांब मोकळे. कुणाल वेळेवर आला. गाडी नव्यासारखी चकाकत होती. स्मिताबाई शेजारी उभ्या होत्या, हाताची घडी घालून, गाडीकडे न बघता.

"साब," अच्युत ताठ उभा राहून म्हणाला, फौजेत साहेबापुढे चूक कबूल करताना उभा राहायचा तसा. "दिसंबर में मैंने आप को गलत बोला. मैं मॅडम के साथ बैठा नहीं, उन से कुछ पूछा नहीं, और बोल दिया कि उमर है. गाडी में फॉल्ट है. मॅडम के पैर में नहीं."

कुणालने आईकडे पाहिलं, मग अच्युतकडे. त्याच्या चेहऱ्यावर तीच समजूतदार दया उमटली. "अंकल, आई आप से मिलने आई थी ना? मैं समझता हूँ. पर आप आई का मन रखने के लिए..."

लताचं बोलणं असं समोर खरं झालेलं बघून अच्युतला राग आला नाही. उलट धीर आला.

"पार्ट अभी बदला नहीं है," तो म्हणाला. "आप खुद चलाइए. मैं पीछे बैठता हूँ. मॅडम बाजू में."

कुणाल नाइलाजाने बसला. मोकळा रस्ता बघून त्याने गाडी साठवर नेली. गाडी लोण्यासारखी चालली. वळून परत आणली, पुन्हा साठ. "देखिए अंकल. एकदम परफेक्ट."

मागच्या सीटवर अच्युत पुढे सरकून बसला. बिघाड हा असा पाहुणा, बोलावला की हमखास येत नाही. आज नाही आला तर? अकरा वाजता पंचकुल्याचा माणूस येईल, किल्ली घेऊन जाईल, आणि ही बाई उरलेलं आयुष्य स्वतःच्याच पायावर संशय घेत काढील. आणि हे सगळं आपल्या एका वाक्यामुळे.

"कुणाल," स्मिताबाई समोर बघत म्हणाल्या, "अडतीसने चालव."

"आई, अडतीस पे कौन..."

"मी चालवते. चालव."

कुणालने वेग कमी केला. काटा अडतीसवर आला. रिकाम्या रस्त्यावर गाडी रांगल्यासारखी वाटायला लागली. बंद कारखान्यांची फाटकं सावकाश मागे सरकत होती. रस्ता संपला, वळण घेतलं, पुन्हा अडतीस. कुणालने एकदा घड्याळाकडे पाहिलं. अच्युत मात्र पुढच्या दोन सीटांमधून त्याच्या बुटाकडे बघत होता. त्याला जिथे तीन महिन्यांपूर्वी बसून बघायला हवं होतं, तिथून आता तो बघत होता.

तिसऱ्या फेरीत गाडी बसली.

ती बसली तशी अगदी मुकाट्याने. आवाज नाही, दिवा नाही. नुसता तिचा जीव गेला आणि ती रस्त्याच्या मधोमध ढेपाळली. कुणालचे खांदे ताठ झाले. त्याने गोंधळून खाली पाहिलं. पेडलवर त्याचा पाय होता तसाच होता, तसूभरही हलला नव्हता. दोन सेकंद. तीन. मग गाडीने झटका दिला आणि ती काही झालंच नाही अशी चालायला लागली. त्याने ती कडेला, एका झाडाखाली घेऊन थांबवली. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. दूधवाल्याची मोटरसायकल आता त्याला मागून येताना दिसत असावी.

"आई," तो म्हणाला, "मी पाय काढला नव्हता."

हिंदीत नाही, मराठीत. शाळेत जायला लागल्यापासून ज्या मुलाने आईला मराठीत धड उत्तर दिलं नव्हतं, त्याच्या तोंडून ते आलं, आणि आलं ते तिच्याच शब्दांत. ते बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. तो हळूहळू आईकडे वळला.

स्मिताबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. "माहीत आहे मला, बाळा," त्या म्हणाल्या. "मी खरं मानते तुझं."

मागे अच्युत खिडकीबाहेर बघत होता. मग कुणाल उतरला, पुढून वळसा घालून आईच्या बाजूला आला, दार उघडलं आणि ती उतरेपर्यंत ते धरून उभा राहिला. किल्ली गाडीलाच होती. फोन काढून त्याने पंचकुल्याच्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं, आणि मग तो आईच्या जागेवर जाऊन बसला.

स्मिताबाईंनी स्टिअरिंगमागे बसून सीट पुढे ओढली, आरसा खाली केला.

"मॅडम," मागून अच्युत म्हणाला, "पार्ट बसवला न्हाई अजून. गॅरेजपतूर तेवढं पन्नासनं घ्या."

"शहरात मी चाळिसाच्या वर जात नाही," स्मिताबाई म्हणाल्या आणि गियर टाकला. "आणि मागे काय बसलात, पोवार? उद्या हरबंसच्या वेळेला या. तिला मागे बसवू. तुम्ही शेजारी बसा."